माहीत असलेलं विचारायचं नाही

"प्रश्न विचारायचे नाहीत, मग शिकवायचं कसं? हातवारे करून?"

"विचार की. कोण नको म्हणतंय? फक्त तुला ठाऊक असलेलं विचारू नकोस."

"अहो आई, शिक्षिकेला सगळं ठाऊकच असतं!"

"हो का? मग माझंच काहीतरी चुकलं. मला तर अजून बरंच ठाऊक नाही."

वहिनीने इस्त्री दाणकन आपटली. दुसऱ्या दिवशी तिचा शेवटचा पाठ होता. पास झाली तर शिक्षिका, नाहीतर पुन्हा वर्षभर उमेदवारी. परीक्षक बाहेरच्या होत्या, आणि प्रश्नांशिवायचा पाठ त्यांच्या लेखी पाठच नव्हता. शिक्षक घडवणाऱ्या केंद्रात तिला शिकवणारी होती माझी आई. म्हणजे तिची सासू. सासूबाई शांतपणे मटार सोलत बसल्या होत्या.

"घरात सासू, केंद्रातही सासूच," वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली. "माणसाने पळावं तरी कुठे?"

"पळण्याआधी त्या कुकरची शिट्टी बघ," आई म्हणाली.

आम्ही इथले मूळचे. शहर आमच्यानंतर आलं, रस्तेही नंतर. आमच्या लोकांची एक रीत आहे. आपल्याला जे माहीत आहे ते दुसऱ्याला विचारायचं नाही. विचारलं तर ती थट्टा समजतात. समोरचा भांडत नाही, उत्तरही देत नाही, मुकाट्याने उठून निघून जातो. वहिनी आमच्यातलीच, पण वाढली दूर, तिच्या वडिलांच्या नोकरीच्या गावी. भाषा तिला पुरती येते. ही रीत मात्र अंगात मुरलेली नाही.

म्हणून तर सरावाच्या पाठात फजिती झाली. तिने मुलांसमोर तीन चमचे धरले आणि गोड आवाजात विचारलं, "हे किती?" वर्ग गप्प. तिने चमचे आणखी पुढे नेले. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी काळजीने म्हणाली, "बाई, तुम्हाला मोजता येत नाही?" मागचे दोघे तर सरळ उठून बाहेर गेले. वहिनी घरी येऊन रडली. आई तिच्या पाठीवर हात फिरवत होती आणि दुसऱ्या हाताने हसू दाबत होती.

आईला हसू का आलं, तेही सांगते. ती लहानपणी शाळेत गेली तेव्हा मास्तर पाटी वर धरून विचारायचे, "हे काय आहे?" आईला वाटायचं, एवढा मोठा माणूस आपली चेष्टा का करतोय? ती खाली मान घालायची. आमची सगळीच मुलं खाली मान घालायची. मास्तरांनी ठरवून टाकलं, ही मुलं मठ्ठ आहेत. शेवटच्या बाकावर बसून बसून आईलाही ते पटू लागलं होतं.

मग एक नव्या बाई आल्या, चष्मेवाल्या. एके दिवशी वर्गातच त्यांच्या पिशवीचा बंद तुटला आणि वह्या जमिनीवर सांडल्या. त्या खाली बसल्या, तुटका बंद उलटसुलट करून बघितला आणि शेजारी उभ्या असलेल्या आईला विचारलं, "ही गाठ कशी मारतात गं? मला खरंच येत नाही."

आई सांगते, "तोंडातून शब्द असे सुटले, की मलाच थांबवेनात. गाठ, दुहेरी गाठ, जाळ्याची गाठ, आत्याने दाखवलेली गाठ, सगळं सांगून टाकलं."

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "बरं झालं तू सांगितलंस. आभारी आहे." मास्तर माणूस आपले आभार मानतो, हे आईने पहिल्यांदा पाहिलं. पुढे याच बाईंनी तिला शिकवलं, परीक्षेला बसवलं. त्या गेल्या त्याला बराच काळ लोटला. आई अजून त्यांची आठवण काढताना 'होत्या' म्हणत नाही, 'आहेत' म्हणते.

आईचं प्रशिक्षण केंद्र टायरच्या दुकानावर आहे. दोन खोल्या. खाली हवा भरायचं यंत्र सुरू झालं की वर फळा थरथरतो. शिक्षक होऊ पाहणाऱ्या आमच्या मुलामुलींना ती आधी वर्गात उभं करत नाही. मुलांच्या घरी पाठवते. "जा, बघा. काकू पुतणीला जाळं विणायला कसं शिकवते ते बघा. ती प्रश्न विचारते का? नुसती विणते. पोरगी शेजारी बसते, बघते, आणि एक दिवस म्हणते, आण इकडे. तोवर तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"हे सगळं मला कळतं हो," वहिनी आता रडकुंडीला आली होती. "पण उद्या त्या परीक्षक काय म्हणतील?"

"ते मला माहीत नाही," आई म्हणाली. "आणि बघ, हा तू छान प्रश्न विचारलास."

वहिनीने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि बराच वेळ सोललेल्या मटारांच्या ढिगाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात एक रिकामी बादली आणली. मुलांना अंगणात पाठवलं, खडे गोळा करायला लावले आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मुलांनी मुठी भरभरून खडे बादलीत टाकले. मग ती वळली.

"आता यात किती आहेत, मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. कसं करायचं?"

वर्ग एकदम उसळला. "ओता खाली!" "ढीग करा!" "दहा दहाचे!" चिमुरडी ओरडली, "बाई, आधी तुम्ही अंदाज सांगा!" वहिनीने सांगितला. मुलांनी परीक्षकांनाही सोडलं नाही. त्यांनीही सांगितला, आणि मग चप्पल काढून जमिनीवर बसल्या, कारण त्यांना आपला अंदाज खरा ठरायला हवा होता. दहा दहाचे ढीग खोलीभर पसरले. वहिनीचा अंदाज साफ चुकला. परीक्षकांचा त्याहून चुकला. मुलं पोट धरून हसली, परीक्षकही.

शेवटी वहिनी म्हणाली, "मला माहीत नव्हतं, तुम्ही शोधून दिलंत. मी आभारी आहे."

मागच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या आईने मान खाली घातली. मान वर आली तेव्हा डोळे ओले होते. "माझ्या बाई आल्या होत्या आज वर्गात," ती माझ्या कानात म्हणाली.

पाठ संपल्यावर परीक्षक जिन्यात आईला भेटल्या. "तुमची सून पास. मलाही दुसऱ्या केंद्रांवर हे करून बघायचंय. पुढच्या आठवड्यात येऊ का इथे बसायला?" आईने त्यांचे हात धरले.

घरी आलो तर वहिनी स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तिला निकाल वर्गातच कळला होता. गालावर पीठ आणि चेहरा असा, की आंधळ्यालाही दिसावा. आई दारात उभी राहिली. जन्मात कधी न केलेली चूक तिने आनंदाच्या भरात केली.

"काय गं," तिने विचारलं, "झालीस का पास?"

वहिनीचा हात परातीत थांबला. तिने सासूकडे पाहिलं. ओठ दाबून धरले, हसू काही दबेना. मग तिने पिठाचे हात झटकले आणि एक शब्दही न बोलता आईच्या शेजारून बाहेर निघून गेली.