मिशी नसलेले मिशाळ सर

आमच्या मिशाळ सरांना मिशी नव्हती. आमच्यानंतर रत्नागिरीच्या कॉलेजात आलेल्या मुलांना हे नाव म्हणजे थट्टाच वाटायची. आम्ही मात्र ती मिशी पाहिली होती. चांगली भरघोस, वरचा ओठ पार झाकणारी.

सर वनस्पतिशास्त्र शिकवायचे. एकच गोष्ट तीनदा, आणि तिन्ही वेळा वेगळी: आधी बोलून, मग फळ्यावर काढून, मग आंब्याचं पान हातात देऊन. इंग्रजीच्या भीतीनं गप्प बसणाऱ्याला म्हणायचे, "घरी बोलतोस तसं सांग. लॅटिन नाव मागनं येईल." कुणी हुशारी मिरवत "सर, पुढे चला" म्हणालं, की त्यांचं ठरलेलं उत्तर असे. "पुढचं दार उघडत नसेल तर मागीलदारी जावं. माणूस घरातच असतो."

माझी मात्र दोन्ही दारं बंद होती. लहानपणीच्या तापात माझे कान गेले. कानातल्या यंत्रातून वर्गातल्या पंख्याची घरघर तेवढी यायची. ओठ वाचत वाचतच मी कॉलेजपर्यंत आले होते. पहिल्या चाचणीत सरांच्याच विषयात आपटले, आणि अलोऱ्याला घरी परत जायचं ठरवून त्यांना तसं सांगायला गेले.

सरांनी फळ्यावर लिहिलं, "बाकीच्यांचं कळतं?"

"थोडंफार. तुमचे ओठ मिशीखाली जातात."

ते हसले की रागावले, तेही मला कळलं नाही. त्यांनी खाली लिहिलं, "सोमवारपर्यंत थांब."

सोमवारी सर मिशी उतरवून आले. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे "कोण गेलं?" म्हणून विचारत होते, असं मैत्रिणीनं नंतर सांगितलं. आमच्याकडे बाप गेला की मिशी काढतात. बाप असताना तिला वस्तरा लावणं म्हणजे अभद्र. आणि सरांचे वडील हेदवीला ठणठणीत होते. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. सरांनी खडू ठेवला, माझ्याकडे तोंड केलं आणि शिकवायला लागले. मला शब्दन् शब्द दिसत होता. लिहायचं सोडून मी नुसती बघत राहिले. एवढा मोठा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. त्यांनी मिशी परत कधी ठेवली नाही. "पुढच्या वर्षी वर्गात कोण येईल, काय सांगावं," म्हणायचे.

बातमी हेदवीला पोचायला कितीसा वेळ? आठवड्याच्या आत आबा, म्हणजे सरांचे वडील, कॉलेजात हजर. मिशा पांढऱ्याशुभ्र, कपाळाला आठ्या. मागच्या बाकावर बसून त्यांनी अख्खा तास ऐकला. सर घामाघूम झाले होते. तास संपल्यावर आबा उठले, सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि काहीतरी बोलले. त्या मिशांखालचं मला अक्षर कळलं नाही. मी घाबरून सरांकडे पाहिलं. सरांचे डोळे भरले होते. तरी त्यांनी बापाचे शब्द माझ्यासाठी सावकाश, एकेक करून म्हटले.

"माझ्या जितेपणी मिशी काढलान ह्यान. आता तू कॉलेज सोडायचं नाय."