चौदा पाऊणे साडेदहा

मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना कोणीतरी विचारणारच, की मग तू उडी का नाही मारलीस. रायगडच्या किनाऱ्यावर वाढले, मागच्या दारातून समुद्र दिसायचा, पण आमच्याकडे बायका घोट्याच्या वर पाण्यात जात नसत. पाण्याबद्दल बोलायच्या मात्र भरपूर.

वडील तरीच्या, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीच्या, धक्क्यावर तिकिटं फाडायचे. होडी भरतीवर चालायची, त्यामुळे भरतीची वेळ त्यांच्या जिभेवर. मी सहा वर्षांची असताना त्यांनी मला हिशोब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. चतुर्दशीला, चौदा पाऊणे साडेदहा. अख्खा कोकण किनारा या हिशोबावर होड्या लोटतो. पाहुणे आले की वडील मला पुढे करायचे, कोणीतरी तिथी सांगायचं, मी वेळ सांगायचे, आणि सगळे वाहवा करायचे. ती वाहवा माझ्या डोक्यात जी शिरली ती पुढे चाळीस वर्षं निघाली नाही.

आता आम्ही दुबईत, अल कुसैसमध्ये राहतो. नवरा एका कंपनीत खरेदी विभागात आहे, मी एका दवाखान्यात स्वागतकक्षात बसते, आणि आमची एकुलती एक मुलगी तेव्हा सतरा वर्षांची, बारावीत होती. तिला सर्फिंगचं वेड लागलं होतं. दुबईच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात शमाल सुटतो, म्हणजे वायव्येचा वारा, आणि दोन-चार दिवस लाटा येतात. तेवढ्यासाठी ही पोरगी वर्षभर बोर्डाला मेण लावत बसायची. आपण मराठीत बोलावं, तिने इंग्रजीत उत्तर द्यावं, असा आमचा संसार. पण समुद्राचा विषय निघाला की ती माझ्याजवळ येऊन बसायची. मला ते फार आवडायचं, आणि मी त्याचा फायदा घ्यायचे. जी बाई कधी कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली नाही, ती पोरीला लाटांवर व्याख्यानं द्यायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

तिला एका बेटाचं वेड होतं. किनाऱ्यापासून वेगवान बोटीने अडीच तासांवर. तिथले दगड जुन्या ज्वालामुखीचे, काळे आणि तांबडे, जमिनीखालच्या मिठाने वर ढकललेले. त्याच्या वायव्येच्या अंगाला प्रवाळाचा खडक पाण्याखाली पसरलेला आहे, आणि शमालच्या लाटा खोल पाण्यातून सरळ येऊन त्याच्यावर फुटतात. दुबईत लाट वाळूवर फुटते, कशीही, कुठेही. खडकावर ती एकाच जागी, एकाच वळणाने फुटते. तिने मला हे जेवणाच्या टेबलावर उसळीच्या वाटीत बोट फिरवून समजावलं होतं.

नवरा नाहीच म्हणत होता. शेवटी म्हणाला, "तू समुद्राकाठची आहेस. तू बरोबर जाणार असलीस तर जाऊ दे." मला काय, मी फुशारले.

शेजारच्या अजमानला एक नाखवा होता, मूळचा रत्नागिरीचा, साठीला टेकलेला. अरबी मालकाची बोट चालवायचा आणि लोकांना मासेमारीला न्यायचा. बेटाजवळ जायचा परवाना त्यानेच काढला. शनिवारी पहाटे आम्ही निघालो. वारा आदल्या रात्री पडला होता, लाटा अजून पडायच्या होत्या. बेट दिसलं तेव्हा पोरगी बोटीच्या नाकावर उभी राहून ओरडली, आणि मलाही ओरडावंसं वाटलं. लाट काचेसारखी उभी राहायची आणि एका टोकाकडून उलगडत जायची. आजूबाजूला एकही माणूस नाही, फक्त काळे दगड आणि पक्षी.

बोर्डाची दोरी घोट्याला बांधता बांधता तिने विचारलं, "हाउ लाँग हॅव आय गॉट, आई?"

तिच्या फोनमध्ये भरती-ओहोटीचं ॲप होतं, पण तिथे रेंज नव्हती. मी घरून दिनदर्शिका बघून आले होते. चतुर्दशी. म्हटलं, "साडेदहाला पूर्ण भरती. तोवर पाणी वाढतच जाणार. निर्धास्त खेळ."

नाखवा इंजिनाजवळून म्हणाला, "ताई, इकडच्या पाण्याचा भरवसा नाय. आपला हिशोब इकडं लागत नाय."

"नाखवा, चंद्र तिकडे वेगळा आणि इकडे वेगळा आहे का?"

"चांद तोच आहे. पन दर्याचं तोंड बारीक आहे ना. पानी आत येतं, फिरतं, कुठं कधी चढेल, कुठं कधी उतरेल."

"माझे वडील तरीवर होते," मी म्हटलं. तो हसला. ताईपुढे कोण वाद घालणार.

पहिला दीड तास मी आयुष्यात विसरणार नाही. ती सुंदर खेळत होती. माझी पोर, जी घरी पेला उचलताना पाणी सांडते, ती त्या भिंतीसारख्या लाटेवर वाकून हात टेकवत जात होती. मी टाळ्या वाजवत होते, नाखवा "माशाल्ला" म्हणत होता. सव्वानऊच्या सुमारास ती बोर्डावर पालथी पडून हात मारत बोटीजवळ आली. पाणी प्यायली. म्हणाली, "इट्स गेटिंग शॅलो. आय कॅन सी द बॉटम."

पाणी उतरतंय, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं आणि येऊन सांगितलं होतं. तिथेच "चल, वर ये" म्हणायचं होतं. ती येणार होती. एक हात तिने बोटीच्या काठावर ठेवलाच होता.

मी म्हटलं, "पाणी स्वच्छ आहे म्हणून तळ दिसतो गं. अजून सव्वा तास आहे, जा."

ती गेली. माझं ऐकून गेली.

पुढच्या वीस मिनिटांत लाटेचं रूप पालटलं. ती आधी फेसाळत उलगडायची, आता दाणकन आपटायला लागली, आणि फेस मागे ओढला गेला की खाली तपकिरी डोकी दिसायची. प्रवाळ. नाखवा उभा राहिला आणि दोन्ही हातांनी तिला बाहेर बोलवायला लागला. तिने पाहिलं, बोर्ड वळवला, पण तेवढ्यात मागची मोठी लाट आली आणि ती तिच्याखाली गेली. बोर्ड वर आला. ती आली नाही. मग डोकं आलं, तोंड उघडं, आणि दुसऱ्या लाटेने ते पुन्हा खाली घातलं. बोर्ड एकाच जागी उभा राहून थरथरत होता. नाखव्याने ओळखलं. दोरी प्रवाळात अडकली होती. दोरीचं दुसरं टोक तिच्या घोट्याला, आणि लाटेच्या जोरात तिला वाकून ते सोडवता येत नव्हतं.

 मी नुसती "जवळ घ्या, जवळ घ्या" ओरडत होते. तो म्हणाला, "बोट आत घेतली तर फुटंल. मंग तिघं जाऊ." त्याने मासे कापायची सुरी दातात धरली, कमरेला लांब दोर बांधला, त्याचं टोक बोटीला बांधलं आणि माझे दोन्ही हात धरून स्टीअरिंगवर ठेवले. सुरी हातात घेऊन म्हणाला, "नाक लाटेकडं ठेवा. काय झालं तरी नाक लाटेकडं. बोट आडवी झाली तर मी पन मेलो आनि पोर पन मेली. मागं बघायचं नाय."

आणि उडी टाकली.

लाटा समुद्राकडून येत होत्या आणि खडक बेटाच्या बाजूला होता. म्हणजे बोटीचं नाक लाटेकडे ठेवायचं तर पोरगी माझ्या पाठीमागे. मी आयुष्यात कधी बोट चालवली नव्हती. लाट आली की नाक वर जायचं, मग बोट डावीकडे सरकायची आणि मी चाक उजवीकडे फिरवायचे. प्रत्येक लाट माझ्या खालून जायची आणि चार-पाच क्षणांनी मागे फुटल्याचा आवाज यायचा. ती कुठे फुटतेय हे मला माहीत होतं. फुटली की मी ऐकायचे, किंचाळी येते का. आली तर जीव जायचा, आणि नाही आली तर त्याहून जास्त जायचा. मी मोठ्याने रामरक्षा म्हणायला लागले आणि दुसऱ्याच ओळीवर अडकले. मग नुसतं "मला ने, मला ने" म्हणत राहिले. अकरा लाटा गेल्या. एकदा मान वळली, तर बोट लगेच आडवी व्हायला लागली, आणि मी पुन्हा समोर बघितलं. पोरीकडे पाठ करून उभं राहणं, एवढंच काम त्या वेळी आईला होतं.

मग दोर ताणला गेला. नाखव्याची हाक आली, "न्यूट्रल! न्यूट्रल करा!" त्याने तिला आधी वर ढकललं. मी दंडाला धरून ओढली तर माझे हात निसटले, इतकं रक्त. ती खोकली, ओकली, आणि श्वास घेतला. तो आवाज ऐकून मी बोटीच्या तळाला बसलेच.

डाव्या पोटरीचं मांस सोलून निघालं होतं, पाठीवर जाळीसारखे ओरखडे होते, खांदा निखळला होता. नाखव्याचे स्वतःचे दोन्ही तळवे फाटले होते. त्याने आपली लुंगी फाडून तिचा पाय बांधला, आणि तशाच हातांनी अडीच तास बोट हाणली. मला एका शब्दाने काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. पोरगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून थरथरत होती. मी तिच्या केसांतली वाळू काढत होते, म्हणजे हाताला काहीतरी काम देत होते. घड्याळात साडेदहा वाजलेले मी पाहिले. तेव्हा मागे त्या खडकाची डोकी सुकायला लागली असतील.

इस्पितळात नवरा पोहोचला तेव्हा तिला टाके घालून वॉर्डात आणलं होतं. नाखवा हातांना पट्ट्या बांधून दाराशी उभा होता. नवऱ्याने तिच्या कपाळावर हात ठेवला, आणि ती जगणार हे कळल्यावर माणसाला जो राग येतो तो त्याला आला. "एवढा वेळ आत थांबायला कोणी सांगितलं होतं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण माझ्या आधी ती बोलली.

"आय मिसरेड द टाइड, बाबा. आई टोल्ड मी टु कम इन. आय डिडन्ट लिसन."

नाखव्याने माझ्याकडे पाहिलं. मग गाडी चुकीच्या जागी लावलीय असं काहीतरी पुटपुटत तो निघून गेला. नवऱ्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "तू होतीस म्हणून वाचली. देवाची कृपा."

मी गप्प बसले. थकले होते, घाबरले होते, ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्यानंतर रात्र झाली, सकाळ झाली, आठवडा झाला, तेव्हा तर मी थकलेली नव्हते.

एकदा ड्रेसिंग बदलताना तिला विचारलं, "तू खोटं का बोललीस गं?"

ती पायाकडेच बघत होती. म्हणाली, "बाबा विल फरगिव्ह मी." मग मराठीत म्हणाली, "तुला नाही करणार."

तिचं बरोबर होतं. बापाला ती पुरती ओळखते. तिचं चुकलं फक्त एका ठिकाणी. तिला वाटलं बाप माफ करेल आणि पुन्हा जाऊ देईल. त्याने माफ केलं, आणि समुद्र बंद केला. म्हणाला, ज्या मुलीला आईने बोलावलं तरी कळत नाही, तिला लाटेवर सोडायची नाही. बोर्ड विकायचा. ती रडली नाही, भांडली नाही. मी एका वाक्यात तो बोर्ड वाचवू शकत होते. रोज पोळ्या लाटताना ते वाक्य मनात जुळवायचे, आणि तो घरी आला की "चहा ठेवू का?" एवढंच विचारायचे.

बोर्ड घ्यायला शारजाहून एक तरुण मुलगी आली, आपल्यातलीच, नवी नवी शिकणारी. आमची लंगडत लंगडत बोर्ड घेऊन दारापर्यंत गेली. त्या मुलीने विचारलं, इतका छान बोर्ड, का विकतेस? आमची म्हणाली, "आय ॲम नॉट केअरफुल इनफ." हसून म्हणाली. बोर्ड लांब होता, तिरका करून आत घ्यावा लागत होता, म्हणून तो नीट जाईपर्यंत मी लिफ्टचं दार हाताने धरून ठेवलं.