काम करणाऱ्यानं आधी बसायचं

निवृत्तीनंतर मी बारामतीत वैमानिक प्रशिक्षण संस्थेत इन्स्ट्रक्टर झालो. माझ्या आर्मी एव्हिएशन युनिटमधला टेक्निशियन, हवालदार भानुदास, यालाही मीच बोलावून घेतलं. तो नरसिंहपूरचा. घराजवळ नोकरी मिळाली म्हणून खूश होता.

युनिटचा एक रिवाज मी सोबत आणला. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणात काम करणाऱ्यानं आधी बसायचं. संस्थेचा तसा नियम नव्हता. पण त्यामुळे कुणी नट सैल सोडत नसे.

त्या दिवशी भानुदासनं ऑइलचा पाइप बदलला होता. दुपारी त्याच्या पुतणीची हळद होती.

"साहेब, आज सोडा. वहिनी जीव घेईल माझा."

"रिवाज म्हणजे रिवाज."

"हितं काय आर्मी हाय व्हय?"

"बसा, हवालदार."

तो हसला. बाजूला जाऊन बायकोला फोन केला आणि येऊन माझ्या उजवीकडे बसला.

वालचंदनगरच्या अलीकडे ऑइल प्रेशर घसरलं. परत वळायच्या आत इंजिनात दणका बसला आणि पंखा थांबला. रीस्टार्ट. नाही. पुन्हा. नाही. आता फक्त वाऱ्याचा आवाज.

"मेडे, मेडे, मेडे. इंजिन बंद. आत दोघे. वालचंदनगरच्या पश्चिमेला शेतात उतरतोय."

"कॉपी. गाडी निघाली," टॉवरवरून उत्तर आलं.

समोर तोडलेल्या उसाचं एकच मोकळं रान होतं. मी नाक तिकडे धरलं. जवळ गेल्यावर भानुदास ओरडला, "साहेब, ऊसतोडीची टोळी हाय! मोळ्यांत पोरं हायती!"

मी डावीकडे वळवलं. तिकडे उभा ऊस. वरून तो गादीसारखा दिसतो. त्यात विहिरीचा कठडा लपला होता. विमानाची उजवी बाजू त्यावर आदळली.

तोडणीची माणसं कोयत्यानं वाट काढत आमच्यापर्यंत पोचली. मला ओढून बाहेर काढलं. मी म्हणत राहिलो, "आधी त्याला काढा."

"त्यो गेला, साहेब," एक म्हातारा म्हणाला.

चौकशीत निघालं, पाइप ठीक होता. इंजिनातला दुसराच भाग तुटला होता. मग विचारलं, हा माणूस विमानात कशाला? मी म्हणालो, स्वतःहून बसला. तसंच लिहिलं गेलं. मी सही केली.

ते खोटं मी पुढं कितीतरी वर्षं सांभाळलं. गेल्या महिन्यात नरसिंहपूरला जाऊन त्याच्या बायकोला, सुनंदाताईंना, खरं सांगितलं. त्या गहू निवडत होत्या. हात थांबला नाही.

"ठावं हाय मला. फोन केलता न्हवं त्यांनी. म्हणले, साहेब सोडंनात, हळदीला उशीर व्हईल, माझं ताट झाकून ठेव."

त्यांनी गव्हातला एक खडा बाजूला टाकला.

"तुमी कवा सांगताय, तेवढंच बघत व्हते."

हवालदार भानुदास स्वतःहून बसला नव्हता. मी बसवला. आणि खाली रानात ती पोरं आहेत, हे त्यानंच पाहिलं.