तोमा ज्याची वाट पाहायचा

तोमा गेल्याची बातमी आली तेव्हा मी पालघरला दातांच्या डॉक्टरकडे बसलो होतो. फोन बायकोचा, किनाऱ्यावरच्या आमच्या नवापूरहून. “तोमाभाऊ गेलं. तुमी निगा लवकर.” एवढं बोलून तिने फोन ठेवला. माझ्या दाताची चौकशी केली नाही.

तोमा मूळचा अमेरिकन. व्हिएतनामच्या युद्धात बंदूक उचलायला त्याने नकार दिला, तेव्हा तिथल्या कायद्याप्रमाणे सैन्याऐवजी दोन वर्षांची सेवा त्याच्या वाट्याला आली. ती करायला तो पालघरजवळच्या डोंगरात, विहिरी खोदणाऱ्या एका छावणीत आला. त्याच्यासारखीच नकार दिलेली आणखी काही मुलं तिथे तंबूत राहत. कातळ लागला, सुरुंग लावायची वेळ आली आणि छावणीत भांडण पेटलं. सुरुंग म्हणजे युद्धाचंच साधन, मग वात पेटवायची कशी? पाड्यावरची माणसं फावडी टेकून हा वाद ऐकत बसली. शेवटी एक म्हातारी म्हणाली, “कातल काय रडत नाय. पेटवा, आमाला पानी पायजे.” तोमाने वात पेटवली. दोघांनी मात्र छावणी सोडली; मायदेशी ते तुरुंगात गेले, असं तो सांगायचा.

सेवा संपल्यावर तो नवापूरला आमच्या मासेमारीच्या होडीवर कामाला आला आणि पडवीलगतच्या खोलीत राहिला तो कायमचाच. पहिल्याच दिवशी बाबांनी त्याला टोकलं, “म्हावरं मारतोस, मंग लढाईला काय झालं व्हतं?”

“म्हावरं मी खातो. मानूस खात नाय.”

बाबा इतके हसले की हातातलं जाळं सुटलं. त्यांना तसं हसवणं मला कधी जमलं नव्हतं.

जेवणाआधी थोडा वेळ गप्प बसायचं, ही छावणीतली रीत. तोमा आमच्याकडेही ताटासमोर डोळे मिटून बसे. आमच्या घरात होडी दर्यावरून परत येईपर्यंत कोणी घास घेत नसे, त्यामुळे बाबांनी त्या गप्प बसण्याचा वेगळाच अर्थ लावला. “कोनाची वाट बगतोस रे?” तोमा म्हणाला, “भावाची.” त्याचा धाकटा भाऊ त्याच युद्धावर गेला होता आणि परतला नव्हता. त्या दिवसापासून तोमाने डोळे उघडल्याशिवाय बाबा जेवले नाहीत. अगदी त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत.

मी बोईसरला वार्ताहर होतो. घरी पोचायचो तेव्हा माझं ताट झाकून ठेवलेलं असे, बाकीची घासून पालथी घातलेली. एकदा बाबांना विचारलं, “माझ्यासाठी का नाही थांबत?”

“तू काय दर्यावर व्हतास? हापिसात व्हतास ना? येनारच व्हतास.”

उत्तर बिनचूक होतं. मला ते आजही पटत नाही. ठामपणे नाही म्हणावं असं काही माझ्यापुढे आलं नाही, आणि घरच्यांनी वाट पाहावी इतका दूरही मी कधी गेलो नाही. तोमाला दोन्ही मिळालं. वर माझे वडीलही मिळाले.

परवा बायकोने पापलेटचं कालवण केलं. मला वाढलं, स्वतःचं ताट घेतलं आणि हात मांडीवर ठेवून डोळे मिटून बसली.

“कोणाची वाट पाहतेस?”

“तोमाभाऊंची.”

“आणि मी?”

“तुमी आलाव ना,” डोळे न उघडता ती म्हणाली. “जेवा तुमी.”