वाघबारशीनंतरचं तेल

“भेसळ आहे, दुसरं काय,” असं म्हणत नेरकर साहेबांनी मुंबईहून आलेला फॅक्स माझ्या टेबलावर ठेवला. साबण कंपनीने आमचं रोशा तेल नाकारलं होतं. कारण एका ओळीत दिलेलं: जिरॅनिऑल कमी.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. सातपूरच्या एमआयडीसीत आमचा सुगंधी तेलांचा छोटा कारखाना. नेरकर साहेब मालक आणि मी क्वालिटी कंट्रोलची केमिस्ट. म्हणजे तेल चांगलं निघालं की श्रेय भट्टीला, आणि वाईट निघालं की बोलणी मला.

रोशा हे आपल्या डोंगरांवर आपसूक उगवणारं गवत. गुडघे धरले की ज्याचं तेल चोळतात, तेच. गवतातून वाफ सोडली की ती तेल घेऊन बाहेर येते, आणि थंड केली की तेल पाण्यावर तरंगतं. त्याला गुलाबासारखा वास असतो. हा वास मुख्यतः जिरॅनिऑलचा. कापूर, ओव्याचा अर्क, निलगिरी ही सगळी या जिरॅनिऑलचीच भावकी. केमिस्ट या कुळाला टर्पीन म्हणतात.

आमचं तेल यायचं पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून. तिथे आम्ही आमची भट्टी बसवून दिली होती. पाड्यावरच्या बायकांचा गट गवत कापून तिथेच तेल काढायचा. गटाच्या प्रमुख हिराबाई गावित. भट्टी येण्याआधी पावसाळा सरला की अर्धा पाडा द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरीकडे उतरायचा, पोरांच्या शाळा सुटायच्या. भट्टी आल्यापासून बरीच घरं घरीच राहू लागली होती.

आता साहेब म्हणत होते, “सोमवारी टेम्पो पाठवतो. भट्टी उचलून आणू. दुसऱ्या तालुक्यात देऊ कोणाला तरी.”

मी म्हटलं, आधी मला बघू द्या. साहेबांनी हात झटकला, पण नाही म्हणाले नाहीत. माझ्या मते हीच त्यांची परवानगी.

भेसळ पकडायला फार अक्कल लागत नाही. ब्लॉटिंग पेपरवर थेंब टाकला. शेंगदाण्याचं तेल मिसळलं असेल तर डाग राहतो. डाग उडून गेला. मग पातळ अल्कोहोलमध्ये विरघळवून पाहिलं. रॉकेल असेल तर ते दुधाळ होतं. आमचं काचेसारखं स्वच्छ राहिलं. शेवटी गॅस क्रोमॅटोग्राफ लावला. हे यंत्र तेलातली द्रव्यं एकेक करून वेगळी करतं आणि कागदावर प्रत्येकाचा एक सुळका काढतं. सुळका जितका मोठा, तितकं ते द्रव्य जास्त.

सुळके सगळे ओळखीचेच होते. फक्त जिरॅनिऑलचा खुजा झाला होता आणि त्याचा भाऊ जिरॅनिल ऍसिटेट चांगलाच माजला होता. घरात परका कोणी शिरला नव्हता, दोन भावांतली वाटणी बदलली होती.

साहेबांना कागद दाखवला. ते म्हणाले, “ऍसिटेट बाजारात मिळतं की. तेच मिसळलं असेल.”

“साहेब, त्या पाड्यावर रॉकेल मिळायची मारामार. जिरॅनिल ऍसिटेट कोण विकतंय?”

ते हसले नाहीत. माझे विनोद कारखान्यात फारसे चालायचे नाहीत.

मला संशय वेगळाच येत होता. झाडाच्या आत एन्झाइमं असतात. एन्झाइम म्हणजे एकच काम जाणणारा कारागीर. एक जिरॅनिऑल घडवतो. दुसरा त्याला व्हिनेगरमधल्या आम्लाचा तुकडा जोडून ऍसिटेट करून ठेवतो. आणि गवत फुलून दाण्यावर आलं की तिसरा जागा होतो, तो हा तुकडा कापून पुन्हा जिरॅनिऑल मोकळं करतो. कोवळं गवत कापलं तर या तिसऱ्याच्या हाताला कामच लागत नाही. आणि यंदा गवत कोवळं कापलं गेलं होतं, कारण साहेबांनीच टेम्पोवाल्याबरोबर निरोप धाडला होता की माल दिवाळीआधी हवा, कापणी लवकर उरका. बायकांनी मान राखून उरकली. साहेब खूश, मुंबई खूश, बायकाही लवकर मोकळ्या. सगळ्यांची सोय झाली, फक्त गवताला कोणी विचारलं नव्हतं.

हे मी साहेबांना सांगितलं तर म्हणाले, “पुस्तकातलं सांगू नका. त्याच डोंगरातलं, याच वर्षीचं, पिकलेलं गवत आणा आणि कागदावर दाखवा.”

मागणी रास्त होती. दुसऱ्या दिवशी मी पेठच्या एसटीत बसले.

डोंगर न्हाव्याच्या खुर्चीतून उठल्यासारखा दिसत होता. सगळं गवत कापलेलं. माझा धीरच सुटला. मग वरच्या अंगाला एक हिरवा-तांबूस पट्टा दिसला, तुऱ्यांनी गच्च भरलेला. मी हिराबाईंना म्हटलं, त्यातलं एक ओझं द्या, माझं काम झालं.

हिराबाईंनी मान हलवली. “तो वाघदेवाचा हाय. वाघबारस होऊन जाऊ दे. देवाच्या आधी तिथं विळा नाय लावत आमी.”

वाघबारस दिवाळीच्या तोंडावर येते. त्या दिवशी गुराखी आणि गाव मिळून वाघदेवाला नारळ देतात, गुरं सांभाळ म्हणतात. त्याच्या दगडाभोवतीचं गवत तोवर तसंच राखायचं, अशी त्या पाड्याची रीत. तेलाशी तिचा काही संबंध नव्हता. जिरॅनिऑलचं काय बिनसलं हे हिराबाईंनाही ठाऊक नव्हतं, त्यांना भट्टीच्या झाकणाचा संशय होता.

मी त्यांना सगळं उलगडून सांगितलं. सोमवारी टेम्पो येणार आहे हेही सांगितलं. एक मूठ गवत मिळालं तरी तो थांबवता येईल, असं म्हटलं.

“भट्टी गेली तर लय वाईट होईल,” त्या म्हणाल्या. “पोरी परत द्राक्षाला जातील. पन बाई, भेसळ केली नाय म्हनून सांगायला देवाचं चोरू का?”

मला त्यांचा रागही आला आणि अभिमानही वाटला. दोन्ही घेऊन मी परतीच्या एसटीत बसले.

साहेबांना म्हटलं, वाघबारशीपर्यंत टेम्पो थांबवा.

“मुंबईला काय सांगू? वाघाची परवानगी यायची आहे?”

“सॅम्पल पिकतंय म्हणून सांगा. ते खरंच आहे.”

“मॅडम, तुम्ही पगार कोणाकडून घेता?”

“तुमच्याकडून. म्हणूनच सांगतेय. भट्टी नव्या जागी नेली आणि पुढच्या वर्षी पुन्हा कोवळं गवत कापलं, तर हाच फॅक्स परत येईल.”

साहेब चिडके होते, पण हिशेबाला पक्के. नुकसान दोनदा करून घेणारा माणूस नव्हे. टेम्पो थांबला.

वाघबारशीच्या दुसऱ्या दिवशी हिराबाईंनी स्वतः विळा लावला. तुरे एव्हाना दाण्यावर आले होते. त्याच भट्टीत, त्याच झाकणाखाली तेल काढलं. मी सातपूरला येऊन यंत्राला लावलं. सुळके उमटेपर्यंत साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. मला कोणी मागे उभं राहिलेलं मुळीच आवडत नाही, पण त्या दिवशी चाललं. जिरॅनिऑलचा सुळका कागदाच्या वरच्या कडेला टेकला आणि ऍसिटेट शेजारी गुमान बसलं होतं.

साहेबांनी जुना आणि नवा कागद शेजारी-शेजारी ठेवले. दोन्हींवर बोट फिरवत म्हणाले, “मग तेलात मिसळलं काय होतं?”

“घाई,” मी म्हटलं. “आणि ती इथूनच गेली होती.”

कोवळ्या गवताचं तेल आम्ही कॉस्टिक सोड्याच्या पाण्याबरोबर तापवून ऍसिटेट फोडलं आणि तसं सांगूनच कमी दर्जाचं म्हणून विकलं. जे काम गवत फुकटात करून देत होतं, त्यासाठी बॉयलर पेटवावा लागला. साहेबांना त्याचंच जास्त लागलं असावं.

मग ते स्वतः जीप घेऊन पाड्यावर गेले. मीही होते. भाषण वगैरे त्यांना जमत नाही. उभ्या उभ्या म्हणाले, “हिराबाई, तुमचं तेल चोख होतं. चूक माझी झाली.” हिराबाईंनी विचारलं, “मंग भट्टी ऱ्हाते ना?” साहेब म्हणाले, राहते. त्यावर त्या वळून पोरींना म्हणाल्या, लाकडं आणा. मला इतका आनंद झाला की मीही दोन ढलप्या उचलल्या.

पुढच्या वर्षीपासून आमच्या खरेदीच्या ऑर्डरवर एक अट टाईप होऊ लागली: कापणी वाघबारशीनंतरच. तिची प्रत मुंबईला गेली तेव्हा साबण कंपनीच्या नव्या पर्चेस ऑफिसरचा फोन आला. हा वाघबारस कुठला स्टँडर्ड, भारतीय की इंटरनॅशनल, असं तो विचारत होता.

मी म्हटलं, “पेठ तालुक्याचा. आणि तो मोडला की माल रिजेक्ट होतो, हे तुम्हीच आम्हाला कळवलं होतं.”