दुपारचं ब्लास्टिंग

माझ्या निरोपसमारंभात सगळे एकच गोष्ट सांगत होते. सरांनी स्वतःची चूक स्वतः शोधली आणि पाठवायला काढलेला शोधनिबंध थांबवला. मी हार गळ्यात घेऊन ते ऐकलं. ते खरं नाही.

चंद्रपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत उंदराच्या हृदयातल्या पेशी आम्ही एका खास सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचो. साध्या सूक्ष्मदर्शकात जिथे एक धूसर डाग दिसतो, तिथे यात ठिपके वेगळे दिसतात. रंगवलेले रेणू थोडे थोडे लुकलुकतात, संगणक प्रत्येकाची जागा टिपतो, आणि हळूहळू चित्र उभं राहतं. तोवर अंधार, पंखा बंद, खुर्चीही सरकवायची नाही.

निरोगी पेशी सकाळी, आजारी पेशी जेवणानंतर, हा माझा शिरस्ता. पेशीतल्या ज्या दारांतून कॅल्शियम सुटतं आणि ठोका पडतो, त्यांचे पुंजके आजारी पेशींत जोडीजोडीनं दिसले. मला वाटलं, आजाराची खूण सापडली. माझ्या विद्यार्थिनीचा सगळा प्रबंध त्याच चित्रावर होता. निबंध पाठवायच्या दिवशी तीच टेबलाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, सगळ्या जोड्या एकाच दिशेला सरकल्यात. जवळच्या खाणीतल्या सुरुंगांच्या ब्लास्टिंगनं पेशींची काच हलून एकच पुंजका दोनदा टिपला जात असेल.

मी विचारलं, कुठलं ब्लास्टिंग?

"रोज दुपारी होते ना सर. तुमाले ऐकूच येत नाई का?"

ती चामोर्शीची, धानाच्या गावातली. त्या आवाजानं अजून दचकायची. मी कोळसा खाणीच्या कॉलनीत वाढलो. तावदानं थरथरली तरी आमच्याकडे कोणाचा घास थांबत नसे. मी तिला सुनावलं, प्रबंध बुडवायची एवढी हौस असेल तर बुडव.

"बुडू द्या," ती म्हणाली. "उद्या उलटं करू. आजारी सकाळी, निरोगी दुपारी."

निबंध एक दिवस थांबवला, तोही चिडून. दुसऱ्या दिवशी सकाळी आजारी पेशींचे पुंजके एकेरी आले. दुपारी निरोगी पेशी लावल्या आणि अंधारात दोघं बसलो. पडद्यावर ठिपके साचत होते. तिनं श्वास रोखलेला मला कळत होता. लांब भोंगा वाजला. मग जमिनीतून काहीतरी आलं आणि खुर्चीच्या पायातून माझ्या पाठीत शिरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते ऐकलं. चित्र पुरं झालं तेव्हा निरोगी पेशींतही जोड्या होत्या.

विभागाच्या बैठकीत मी म्हणालो, "माझ्या लक्षात आलं." टाळ्या झाल्या. ती मागच्या रांगेत होती. टाळ्या तिनंही वाजवल्या.

बैठक संपल्यावर तिनं सूक्ष्मदर्शकाच्या खोलीची किल्ली मागितली. तिला सगळं पहिल्यापासून करायचं होतं.

"सकाळीच येत जाईन सर. दुपारचा काही भरोसा नाई."

मी किल्ली दिली. तेव्हाही बोलता आलं असतं.