मुदत: प्रलयापर्यंत

मारुंजीच्या खोलीतल्या माझ्या मैत्रिणी रोज सकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकायच्या आणि मी उलट्या दिशेला, चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात जायचे. तिथे मी एकटीच कॉम्प्युटरवाली. सहा महिने झाले की मला कायम करणार होते, पण त्याआधी एक काम धड करून दाखवायचं होतं: गाडीत माल चढला की चलान आपोआप छापणारा वेब सर्व्हर उभा करायचा.

सगळं स्वतः लिहायला मी काही वेडी नव्हते. बारकोडचा तुकडा एकाचा, मेल पाठवणारा दुसऱ्याचा, चलानाची पीडीएफ बनवणारा तिसऱ्याचा, असे इतरांनी लिहिलेले प्रोग्रामचे एक्केचाळीस तयार तुकडे मी गोळा केले. सर्व्हर ठेवायला थंड खोली मात्र एकच होती, स्टोअरच्या मागची. आणि स्टोअर म्हणजे मामा.

मामा जवळच्याच गावातले. घरी शेती, इथे वीस वर्षं स्टोअर. बाहेरून आलेला वायसरसुद्धा टॅग बांधल्याशिवाय ते आत सोडत नसत. तपासून पास झाला तर हिरवा, शंका असली तर पिवळा.

"भायेरचा माल हाय न्हवं? मग रजिस्टरला चढवाय पायजे," मामा म्हणाले.

"मामा, हा माल डोळ्यांना दिसत नाही."

"मंग तर तपासायलाच पायजे."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, घ्या! बसले आणि एक्केचाळीस नोंदी केल्या. रजिस्टरात एक रकाना मुदतीचा होता, रबरी सील वगैरे जुने होतात म्हणून. माझ्या मालाला कसली आलीय मुदत? मी एक्केचाळीस वेळा लिहिलं, 'प्रलयापर्यंत'.

मामांनी चष्मा सावरून वाचलं. "खात्री हाय?"

"व्हय मामा," मी त्यांच्याच सुरात म्हणाले. त्यांनी प्रत्येक ओळीपुढे सही केली आणि सर्व्हरच्या कपाटाला एक्केचाळीस हिरवे टॅग बांधले. त्याचा फोटो पाहून माझ्या मैत्रिणी दोन दिवस हसत होत्या.

महिनाभर सर्व्हर झकास चालला. एकतिसाव्या दिवशी ग्राहक कंपनीच्या गेटवरून ड्रायव्हरचा फोन आला: गाडी आत घेत नाहीत. प्रत्येक चलानावर तिरप्या, ठळक अक्षरांत छापून आलं होतं, 'ट्रायल कॉपी'. पीडीएफवाला तुकडा मी तीस दिवस फुकट वापरायच्या अटीवर घेतला होता आणि ती अट साफ विसरले होते.

हाताने चलान लिहून कशीबशी गाडी सोडवली. मग साहेबांनी रजिस्टर मागवलं. "हा माल पास कुणी केला?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "म्या. सही माजी हाय."

वीस वर्षांत ज्यांच्या रजिस्टरावर बोट ठेवायची वेळ आली नव्हती, ते मामा मान खाली घालून उभे होते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. "अक्षर माझं आहे साहेब," मी म्हणाले. "मामांनी विचारलं होतं. मी चेष्टा केली."

साहेबांनी तो रकाना मोठ्याने वाचला. कुणीही हसलं नाही. माझं कायम होणं तीन महिने पुढे गेलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीला पिवळा टॅग होता. माल: कॉम्प्युटरवाली ताई. शेरा: होल्ड. मुदत: तीन महिने. अख्खी शिफ्ट येऊन वाचून गेली. तो काढायची माझी छाती नव्हती. टॅग सोडायचा हक्क स्टोअरचा. त्या तीन महिन्यांत मी एकेका तुकड्याच्या अटी शोधून काढल्या. मामा शेजारी स्टूल टाकून बसायचे आणि मुदतीच्या रकान्यात खऱ्या तारखा भरायचे. आणखी दोन तुकडे तसेच, मुदत संपत आलेले निघाले.

कायम झाल्याचं पत्र मिळालं त्या दुपारी मामा कात्री घेऊन आले. पिवळा टॅग कापला, हिरवा बांधला. मी वाकून वाचलं. मुदतीच्या रकान्यात, त्यांच्या अक्षरात, 'प्रलयापर्यंत'.

"खात्री हाय का मामा?" मी विचारलं.

"सही केलीया न्हवं," मामा म्हणाले.